सहलीची किटली

प्रवासाला निघालेल्या माणसाची पारख त्याच्या गाठोड्यावरून करावी, असे म्हटले तर ते फारसे चूक ठरणार नाही. कोणी घरातील निम्मे सामान पाठीवर घेऊन निघतो आणि पहिल्याच चढणीवर धापा टाकू लागतो. कोणी हात हलवीत निघतो आणि मुक्कामावर पोहोचताच पेला, दोरी, काड्यापेटी यांसाठी सोबत्यांकडे हात पसरतो. पहिल्याने विचार न करता सारे घेतलेले असते. दुसऱ्याने विचार न करता सारे टाकलेले असते. गडावर किंवा रानात एक-दोन रात्री राहावयाचे, तर पाठीवरील प्रत्येक वस्तूला ‘तू कशासाठी आलीस?’ असा प्रश्न विचारावा लागतो. या पाठात आपण हा प्रश्न एका साध्या वस्तूला विचारणार आहोत. ती वस्तू म्हणजे पाणी तापवावयाची किटली.

डोंगरावर किटलीची गरज का भासते, हे प्रथम पाहू. सह्याद्रीतील बहुतेक गडांवर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. शेकडो वर्षांपूर्वी ज्यांनी ती खोदली, त्यांच्या दूरदृष्टीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु आज त्यांपैकी पुष्कळ टाक्यांत पालापाचोळा, शेवाळ व माती साचलेली असते. पाणी वरून निर्मळ दिसले तरी त्यात रोगजंतू नसतीलच, अशी खात्री देता येत नाही. म्हणून ते दुहेरी फडक्यातून गाळून मग उकळावयास हवे. गाळल्याने गाळ जातो, उकळल्याने जंतू मरतात. एकाचे काम दुसऱ्याने होत नाही. पाणी खळखळून उकळू लागल्यावर ते आणखी एक मिनिट तसेच उकळू द्यावे आणि समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहून अधिक उंचीवर तीन मिनिटे उकळू द्यावे, असे आरोग्यतज्ज्ञ सांगतात.

उंचीमुळे हा फरक का पडतो? आपण जसजसे उंच जातो तसतसा हवेचा दाब कमी होत जातो आणि पाणी कमी तापमानालाच उकळू लागते. दर तीनशे मीटरांना सुमारे एक अंश, असा ढोबळ हिशेब धरावयास हरकत नाही. कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर १,६४६ मीटर उंच आहे. तेथे पाणी १०० अंश सेल्सिअसला न उकळता ९४ ते ९५ अंशांच्या सुमारास उकळते. आधण लवकर येते खरे. पण ते घरच्याइतके तापलेले नसते, म्हणून भात शिजावयास मात्र अधिक वेळ लागतो.

आता किटली केवढी असावी, ते ठरवू. चार मित्र सहलीला निघाले आहेत, असे समजा. प्रत्येकाला एक पेला चहा किंवा ऊन पेज द्यावयाची, आणि एका पेल्यात १५० मिलिलिटर मावते, असे धरले तर एका वेळी ६०० मिलिलिटर पाणी लागेल. किटली कधीही काठोकाठ भरू नये. पाणी उकळताना उसळते, तोटीवाटे बाहेर पडते आणि खालची आच विझवते. म्हणून किटली पाऊण भरावी. ६०० मिलिलिटर म्हणजे पाऊण भाग, तर पूर्ण किटली ८०० मिलिलिटरांची झाली. एवढी किटली चौघांना पुरते. पिण्यासाठी अधिक पाणी उकळावयाचे असल्यास ते दोन-तीन खेपांत उकळावे. माणसे आठ-दहा असतील तर एक प्रचंड किटली घेण्यापेक्षा दोन मध्यम किटल्या घ्याव्या. ओझे दोघांत वाटले जाते आणि एक किटली पेल्यांत रिकामी होत असता दुसरी आचेवर तापत राहते.

आकारमान ठरले की धातूचा विचार येतो. बाजारात तांबे, पितळ, स्टेनलेस स्टील, ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम अशा निरनिराळ्या धातूंच्या किटल्या मिळतात. यांत हलकी कोणती? एकाच मापाच्या, एकाच आकाराच्या आणि सारख्याच जाड पत्र्याच्या चार किटल्या केल्या आहेत, अशी कल्पना करा. ॲल्युमिनियमच्या किटलीचे वजन १०० ग्रॅम भरले, तर टायटॅनियमच्या किटलीचे सुमारे १६७, पोलादी किटलीचे सुमारे २९० आणि तांब्याच्या किटलीचे सुमारे ३३० ग्रॅम भरेल. टायटॅनियम हा सर्वांत हलका धातू, अशी अनेकांची समजूत असते. परंतु सारख्या जाडीच्या पत्र्यात तो ॲल्युमिनियमहून जडच ठरतो. त्याचा खरा गुण त्याच्या बळकटपणात आहे. तो इतका चिवट आहे की, त्याचा अगदी पातळ पत्राही सहजासहजी वाकत नाही. पत्रा पातळ करता येतो, म्हणून भांडे हलके होते. मात्र त्याची किंमत पुष्कळच जास्त असते. केवळ सहलीपुरती किटली हवी असणाऱ्याने एवढा खर्च करण्याचे कारण नाही.

ॲल्युमिनियमला आपल्याकडे अनेक घरांतून ‘जर्मन’ असेही म्हणतात. एके काळी हा धातू मिळवणे अतिशय कष्टाचे व खर्चाचे काम होते. १८८६ साली अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोन तरुणांनी, एकमेकांना ठाऊक नसता, विजेच्या साहाय्याने तो वेगळा करण्याची एकच रीत शोधून काढली. तेव्हापासून तो स्वस्त होत गेला आणि स्वयंपाकघरात आला. तो हलका आहे, गंजत नाही आणि उष्णता चटकन पसरवतो. परंतु तो मऊ आहे. पाठपिशवी खडकावर आपटली की त्याला पोचा पडतो. चिंच, कोकम यांसारखे आंबट पदार्थ त्यात फार वेळ ठेवू नयेत. नुसत्या पाण्यासाठी मात्र तो उत्तम होय. पोलादी किटली वजनाला जड, पण धसमुसळ्या हातांतही वर्षानुवर्षे टिकणारी. तांब्या-पितळेच्या किटलीला आतून कल्हई लागते आणि कल्हईतील कथील २३२ अंशांना वितळते. रिकामी किटली आचेवर राहिली की कल्हई गेलीच म्हणून समजावे. शिवाय वजन भारी. तेव्हा अशी किटली घरी शोभावी हेच बरे.

उष्णतेच्या वहनासंबंधी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ॲल्युमिनियम हे स्टेनलेस स्टीलपेक्षा उष्णता कितीतरी पटींनी अधिक चांगली वाहून नेते. मग ॲल्युमिनियमच्या किटलीत पाणी तितक्याच पटींनी लवकर उकळते काय? तसे होत नाही. किटलीचा पत्रा जेमतेम एखादा मिलिमीटर जाड असतो. एवढ्या पातळ पत्र्यातून उष्णतेला आत शिरावयास कोणत्याही धातूत फारसा वेळ लागत नाही. खरा अडथळा ज्योतीतून भांड्याच्या बुडाला उष्णता मिळण्यात असतो. पिठले किंवा खिचडी करावयाची असेल तर धातूचा फरक जाणवतो. पातळ पोलादी बुडावर ज्योतीच्या नेमक्या जागी अन्न करपते. पाणी मात्र खाली तापले की वर चढते, वरचे थंड पाणी खाली येते, आणि अशा रीतीने ते आपली उष्णता आपणच वाटून घेते. म्हणून पाण्याची किटली निवडताना धातूच्या या गुणाला अवास्तव महत्त्व देऊ नये.

त्याहून अधिक महत्त्व आकाराला आहे. बूड रुंद आणि उंची बेताची असलेली किटली चांगली. रुंद बुडाला ज्योत अधिक जागी भिडते आणि किटली दगडांच्या चुलीवर स्थिर बसते. उंच व अरुंद किटलीच्या बाजूंनी ज्योत वर निघून जाते आणि जरासा धक्का लागला की किटली कलंडते. तोंड एवढे मोठे असावे की, हात आत घालून ते घासता यावे. तोटी आखूड असावी, म्हणजे ती पिशवीत अडत नाही. परंतु तिचे टोक किटलीच्या काठाइतके तरी उंच असलेच पाहिजे. किटलीतील पाणी आणि तोटीतील पाणी एकाच पातळीत राहते. तोटी बुटकी असेल तर तिच्या टोकापर्यंतच पाणी भरता येईल आणि वरची जागा फुकट जाईल.

झाकण घट्ट बसणारे असावे आणि किटली तिरपी केली असता ते निसटून पेल्यात पडू नये. उचलावयाची कडी उभी केल्यावर उभीच राहावी. जी कडी आपोआप आडवी पडते, ती आचेने तापते व हात भाजते. झाकणाची बोंडी किंवा कडीवरील वेष्टन प्लॅस्टिकचे असल्यास अशी किटली लाकडांच्या चुलीवर ठेवू नये. ज्वाळा बाजूंनी वर येताच ते वितळते. रिकामी किटली आचेवर कधीही राहू देऊ नये. आत पाणी असेतोवर बूड पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या फार वर तापत नाही. पाणी संपले की तेच बूड पाहता पाहता लाल होते, वाकते, आणि पातळ ॲल्युमिनियमचे असेल तर वितळतेही.

येथवर आपण किटलीचे वजन तराजूत घातले. परंतु तराजू आपल्याला अर्धाच हिशेब सांगतो. किटलीबरोबर आपण इंधनही वाहत असतो, आणि कोणत्या किटलीला किती इंधन लागते, हे ती विकत घेताना दिसत नाही. हा राहिलेला अर्धा हिशेब आता करू.

एक लिटर पाणी २० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवावयास ८० किलोकॅलरी उष्णता लागते. सहलीच्या शेगडीतील एक ग्रॅम गॅस जळाला की सुमारे ११ किलोकॅलरी उष्णता निघते. सारी उष्णता पाण्यालाच मिळाली असती तर सात-आठ ग्रॅम गॅस पुरला असता. पण बरीचशी उष्णता आजूबाजूच्या हवेत निघून जाते. निम्मी उष्णता वाया जाते असे धरले, तर एका लिटरला सुमारे १५ ग्रॅम गॅस लागेल. आता समजा, आपल्यापुढे दोन किटल्या आहेत. पहिली १५० ग्रॅमची, पण तिला झाकण नाही. दुसरी झाकणासह १९० ग्रॅमची. दुकानात पहिली ४० ग्रॅमनी हलकी ठरते. परंतु उघड्या तोंडातून वाफ व उष्णता जात राहिल्यामुळे पहिलीला लिटरमागे १५ ऐवजी २० ग्रॅम गॅस लागतो, असे धरू. दोन दिवसांत दहा लिटर पाणी उकळले, तर पहिलीला २०० ग्रॅम आणि दुसरीला १५० ग्रॅम गॅस लागेल. किटली व इंधन मिळून पहिलीचे ओझे ३५० ग्रॅम होईल, दुसरीचे ३४० ग्रॅम. हलकी किटली जड ठरली! पण त्याच सहलीत दोनच लिटर पाणी उकळावयाचे असेल, तर पहिलीचे एकूण ओझे १९० ग्रॅम आणि दुसरीचे २२० ग्रॅम होईल. म्हणजे येथे पहिलीच हलकी. यावरून असे दिसते की, ‘हलकी किटली कोणती?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. किती माणसे, किती दिवस, किती पाणी, हे सांगितल्यावाचून त्याचे उत्तर देताच येत नाही.

बर्फाळ प्रदेशात जाणाऱ्या संशोधकांनी हा हिशेब फार पूर्वीच ओळखला होता. नॉर्वेचे फ्रित्यॉफ नान्सेन १८९३ ते १८९६ या काळात उत्तर ध्रुवाच्या दिशेने मोहिमेवर गेले होते. तेथे पिण्याचे पाणीसुद्धा बर्फ वितळवूनच मिळवावे लागे, आणि तेल संपले तर पाणीही संपले, अशी स्थिती होती. त्यांच्या स्वयंपाकाच्या साधनात मधल्या भांड्याभोवती कड्याच्या आकाराचे दुसरे भांडे असे आणि वर आणखी एक भांडे असे. मधले भांडे तापवून निघालेली ऊन हवा बाहेर पडण्यापूर्वी या दोन भांड्यांतील बर्फ वितळवीत जाई. एका भांड्याऐवजी तीन भांडी वाहून न्यावी लागत. तरी तेलाच्या बचतीने ते ओझे परत मिळे. पुढे दक्षिण ध्रुवाकडे गेलेल्या मोहिमांनीही नान्सेन यांचे हे साधन वापरले.

आपल्या डोंगरावर उष्णतेचा सर्वांत मोठा चोर म्हणजे वारा. म्हणून शेगडी किंवा चूल नेहमी खडकाच्या आडोशाला मांडावी. वाऱ्याच्या बाजूला दगड रचले तरी चालते. पण गॅसचे नळकांडे चोहोबाजूंनी झाकू नये, कारण ते तापून फुटण्याचा धोका असतो. तंबूच्या आत शेगडी मुळीच पेटवू नये. तंबूला आग लागण्याचे भय तर असतेच. शिवाय कोंदट जागेत जळणाऱ्या इंधनातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाचा तो जीव घेतो. अनेक वनांत व अभयारण्यांत आग पेटवण्यास मनाई असते. तेथे ती आज्ञा पाळलीच पाहिजे. लाकडांच्या चुलीवर किटली ठेवण्यापूर्वी तिच्या बुडाला बाहेरून ओल्या मातीचा पातळ लेप द्यावा. मग काजळी मातीवर बसते आणि मातीबरोबर धुऊन निघते.

किटली नेलीच पाहिजे असे आहे काय, हाही प्रश्न विचारून पाहावा. खिचडीही करावयाची असेल तर घट्ट झाकणाचा एक टोप पाणी तापवणे आणि अन्न शिजवणे अशी दोन्ही कामे करतो. मग वेगळी किटली हे ओझेच होय. पण खाणे घरून नेलेले आहे आणि मुक्कामावर केवळ उकळलेले पाणी, चहा व पेज हवी, अशा वेळी किटली सरस ठरते. तिच्या तोटीतून अंधारातही न सांडता पेले भरता येतात. टोपातून उकळते पाणी ओतताना हात भाजण्याचा संभव अधिक असतो, आणि गडावर दवाखाना जवळ नसतो. किटली भरताना तिच्या आतली जागाही रिकामी ठेवू नये. चहाची पूड, साखर, काड्यापेटी यांच्या पुड्या तिच्यात बसतात, आणि पाठपिशवीत किटलीने जणू जागा घेतलीच नाही असे होते.

एवढ्याशा भांड्याचा आणि आचेचा एवढा विचार कशाला, असे कोणाला वाटेल. त्याने एव्हरेस्टच्या इतिहासातील एक रात्र आठवावी. मे १९५२ मध्ये स्विस मोहिमेतील रेमंड लँबर आणि तेनसिंग नोर्गे या दोघांनी सुमारे ८,४०० मीटर उंचीवर एका लहान तंबूत रात्र काढली. त्यांच्यापाशी झोपण्याच्या पिशव्या नव्हत्या आणि स्टोव्हही नव्हता. घसा कोरडा पडला होता, चोहीकडे बर्फच बर्फ होते, पण पिण्यास पाणी नव्हते. अखेर त्यांनी एका रिकाम्या डब्यात बर्फाचे तुकडे घेऊन ते मेणबत्तीच्या ज्योतीवर धरले, आणि घोटभर पाणी मिळवले. दुसऱ्या दिवशी ते सुमारे ८,६०० मीटरांपर्यंत चढले आणि तेथून त्यांना परतावे लागले. त्यांची प्राणवायूची उपकरणेही चालताना नीट काम देत नव्हती; तेव्हा सारा दोष तहानेवर टाकता येणार नाही. पण पुढील वर्षीच्या ब्रिटिश मोहिमेत शरीरशास्त्राचे अभ्यासक ग्रिफिथ प्यू यांनी, उंचीवर भरपूर पाणी प्यालेच पाहिजे, असा आग्रह धरला. २८ मे १९५३ च्या रात्री शेवटच्या तळावर एडमंड हिलरी आणि तेच तेनसिंग यांच्याजवळ स्टोव्ह होता. त्यांनी बर्फ वितळवून लिंबाचे गोड पेय पोटभर घेतले, आणि दुसऱ्या दिवशी, २९ मे रोजी, ते शिखरावर उभे राहिले.

मुलांनो, तुम्हांला एव्हरेस्टवर जावयाचे नाही. पण गडावर जातानाही विचार करावयाची रीत हीच आहे. थेंबे थेंबे तळे साचे, तसे ग्रॅमाग्रॅमाने ओझे साचते. म्हणून निरुपयोगी वस्तू निर्दयपणे बाजूला काढावी. परंतु जिच्यावाचून पाणी मिळणार नाही, हात भाजेल किंवा सोबत्याला तहानलेले राहावे लागेल, ती वस्तू जड म्हणून टाकू नये. पुढच्या सहलीला निघण्यापूर्वी सर्वांनी एकत्र बसा. माणसे किती, रात्री किती, पाणी किती लागेल आणि आच कशाची, हे कागदावर लिहा. घरातील किटली आणि टोप तराजूत घालून पाहा. दुकानात नवी किटली पाहावयास जाण्याची वेळ कदाचित येणारही नाही. मांडणीवरची जुनी ‘जर्मन’ची किटलीच त्या कागदावरील प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देईल.